कॅबिनेटमधील स्पीकर एकसर जोडावेत की समांतर? ट्यूब ॲम्प्लिफायरच्या आवाजाविषयी प्रश्न

ठाणेकर

नमस्कार. माझ्याकडे गिटारसाठीचा 50 वॅटचा ट्यूब ॲम्प्लिफायर आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला, जोडलेल्या स्पीकरांच्या एकूण ओहमशी जुळवण्यासाठी, 4, 8 व 16 ओहम निवडण्याचा खटका आहे. त्याच्यासाठीचे कॅबिनेट मी घोडबंदर रोडवरच्या एका सुताराकडून 18 मिलिमीटरच्या प्लायवुडमध्ये करून घेतले. त्याची पाठ पूर्ण बंद असून आत सेलेस्टियनचे दोन बारा इंची व्हिंटेज 30 स्पीकर आहेत, प्रत्येकी 8 ओहमचे. इतके दिवस ते समांतर, म्हणजे पॅरलल जोडलेले होते आणि मी खटका 4 ओहमवर ठेवून वाजवत असे.

एकसर जोडणीत, म्हणजे सिरीजमध्ये, आवाज अधिक मऊ आणि मोकळा येतो असे गेले काही महिने अनेक ठिकाणी वाचनात आले, म्हणून मागच्या रविवारी मी कॅबिनेट उघडून दोन्ही स्पीकर एकसर जोडले आणि खटका 16 ओहमवर नेला. आवाज बदलला यात शंका नाही, पण तो मला आवडला नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तळहात टेकवून वाजवले की पूर्वी छातीला जाणवणारा धक्का आता जाणवत नाही, खर्जाचा भरणा गेला आहे, आणि खोलीत दोन पावले इकडेतिकडे सरकले तरी आवाजाचा पोत बदलतो.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जोडणीची पद्धत बदलल्याने आवाज इतका बदलतो का? मला सेलेस्टियनचा 16 ओहमचा, 25 वॅटचा ग्रीनबॅक हा स्पीकर वापरलेल्या स्थितीत स्वस्तात मिळत आहे. एका व्हिंटेज 30 च्या जागी तो बसवला तर चालेल का? आणि वाशीतल्या ज्या सराव खोलीत आम्ही जातो, तिथे 100 वॅटचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आहे व त्यावर ‘किमान 4 ओहम’ असे छापलेले आहे; त्याला माझे कॅबिनेट कोणत्या जोडणीत लावणे योग्य ठरेल?

ऐरोलीकर

मी बरीच वर्षे ट्यूब ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. आपल्या तीन प्रश्नांआधी एक गोष्ट तपासायला सांगतो, कारण आपण केलेले वर्णन एकसर जोडणीच्या आवाजाचे नाही, ते एका स्पीकरची ध्रुवता, म्हणजे अधिक-उणे टोके, उलटी लागल्याचे आहे.

एकसर जोडताना जॅकची अधिक तार पहिल्या स्पीकरच्या अधिक टोकाला जाते, पहिल्याचे उणे टोक दुसऱ्याच्या अधिक टोकाला जोडायचे असते आणि दुसऱ्याचे उणे टोक जॅककडे परत येते. समांतर जोडणीत अधिकाला अधिक आणि उण्याला उणे जोडण्याची हाताला सवय झालेली असते, त्यामुळे जोडणी बदलताना मधली तार उण्यापासून उण्याकडे नेली जाते. तसे झाले की एका स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा कागदी शंकू, पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. आपल्या गिटारच्या जाड तारेची मूळ वारंवारता सुमारे 82 हर्ट्झ, म्हणजे हवेतील तरंगलांबी चार मीटरहून थोडी जास्त. दोन स्पीकरच्या मध्यांतले अंतर मात्र एका हाताइतकेही नसते. इतक्या लांब तरंगांसाठी दोन्ही स्पीकर एकाच जागी असल्यासारखे असतात, आणि एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. वरच्या स्वरांत तरंगलांबी कमी असल्याने हे खोडणे जागेनुसार बदलते, म्हणून सरकल्यावर आवाजाचा पोत बदलतो.

तपासणी सोपी आहे. कॅबिनेटची तार ॲम्प्लिफायरपासून काढून ठेवा, पाठ उघडा आणि प्रत्येक स्पीकरच्या दोन टोकांना 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक खुणेला लावल्यावर कोन पुढे सरकला पाहिजे. दोन्ही स्पीकर असे वागत असतील तर खुणा बरोबर आहेत आणि चूक तारांत आहे. जुन्या जेबीएल स्पीकरांत ही रीत उलटी असे, त्यामुळे जुने स्पीकर मिसळणाऱ्यांनी खुणांवर विसंबून न राहता सेल लावूनच पाहावे.

आता मूळ प्रश्न. समजा ॲम्प्लिफायर पूर्ण 50 वॅट देत आहे. समांतर जोडणीत 4 ओहमच्या टोकावर सुमारे 14.1 व्होल्ट असतात आणि एकूण 3.5 अँपिअर धारा वाहते. ती दोघांत वाटली जाऊन प्रत्येक स्पीकरमधून सुमारे 1.77 अँपिअर जाते. एकसर जोडणीत 16 ओहमच्या टोकावर 28.3 व्होल्ट असतात, ते दोघांत विभागून प्रत्येकाला पुन्हा 14.1 व्होल्ट मिळतात आणि दोघांतून तीच 1.77 अँपिअर धारा जाते. म्हणजे दोन्ही स्पीकर अगदी सारखे असतील आणि खटका योग्य ठिकाणी असेल, तर स्पीकरच्या टोकांवर काय बदलले, याचे उत्तर ‘काहीही नाही’ असे आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की एकसर जोडणीत प्रत्येक स्पीकरच्या वाटेत दुसऱ्याचा रोध असतो, त्यामुळे ॲम्प्लिफायरचा कोनावरचा ताबा सुटतो आणि आवाज सैल होतो. ऐकायला हे पटते, पण दोन्ही स्पीकर एकाच वेळी सारखेच हलत असतात हे त्यात विसरले जाते. दोघेही सारखेच मागे ओढत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ॲम्प्लिफायरच्या आउटपुट इंपीडन्सचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतल्या रोधाचा, निम्मा भाग येतो; समांतर जोडणीत तो दुप्पट होऊन वाट्याला येतो. दुसरीकडे ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या 16 ओहमच्या टोकाला वेढे 4 ओहमच्या दुप्पट असतात, आणि इंपीडन्स वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तिथला आउटपुट इंपीडन्स चौपट असतो. चौपटीचा निम्मा आणि एकपटीचा दुप्पट हे सारखेच. ताबा जेवढा होता तेवढाच राहतो.

काही ट्रान्सफॉर्मरांत 4 ओहमच्या टोकावर दुय्यम, म्हणजे स्पीकरकडच्या, वेटोळ्याचा निम्माच भाग कामाला येतो, म्हणून अगदी वरच्या स्वरांत किंचित फरक पडू शकतो, हे मी नाकारत नाही. पण तो फरक ट्रान्सफॉर्मरचा आहे, आणि तो ट्रान्सफॉर्मरनुसार वेगवेगळा निघतो.

वाशीकर

ऐरोलीकरांचे गणित बिनचूक आहे, तरीही मी माझा अनुभव मांडतो. फेंडरच्या सुपर रिव्हर्ब ॲम्प्लिफायरमध्ये चार दहा इंची स्पीकर समांतर असतात, प्रत्येकी 8 ओहमचे, एकूण 2 ओहम. मार्शलच्या चार बारा इंची कॅबिनेटमध्ये 16 ओहमचे चार स्पीकर एकसर आणि समांतर मिळून जोडलेले असतात आणि एकूण पुन्हा 16 ओहम होतात. मी दोन्ही वाजवली आहेत. पहिल्यात स्वर बोटाखालून चटकन सुटतो, दुसऱ्यात तो थोडा चिकटून राहतो. हा फरक खरा आहे आणि इतकी वर्षे मी तो जोडणीचा मानत आलो.

जोडणीबाबत दुसरा अनुभव अधिक कटू आहे. माझ्या जुन्या चार बारा इंची कॅबिनेटमध्ये 25 वॅटचे, 16 ओहमचे चार स्पीकर होते आणि ॲम्प्लिफायर 100 वॅटचा होता. सरावात एका स्पीकरची कोनाकडे जाणारी तार तुटली. आवाज थोडा पडला, पण आम्ही वाजवत राहिलो, आणि अर्ध्या तासात त्याच्या जोडीचा दुसरा स्पीकर जळाला. बाकीच्या दोघांना काहीही झाले नाही. असे का व्हावे, हे मला आजही नीट समजलेले नाही.

ऐरोलीकर

आपल्या कानांवर मला शंका नाही. मात्र त्या दोन कॅबिनेटांत स्पीकरचा व्यास, त्यांचे मॉडेल, पेटीचे आकारमान, एकाची उघडी आणि दुसऱ्याची बंद पाठ, त्याआधीचा ॲम्प्लिफायर असे सगळेच वेगळे आहे. एवढ्या फरकांतून जोडणीचा वाटा वेगळा काढता येणार नाही. शिवाय एकाच मॉडेलचा 8 आणि 16 ओहमचा स्पीकरही हुबेहूब सारखा नसतो. 16 ओहमच्या व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे कोन हलवणाऱ्या वेटोळ्यात, बारीक तारेचे जास्त वेढे असतात, त्यामुळे हलणारे वजन आणि वरच्या स्वरांतला इंपीडन्स थोडा बदलतो. लोक 8 ओहमचे स्पीकर काढून 16 ओहमचे बसवतात, त्याबरोबर जोडणीही बदलतात आणि सगळे श्रेय जोडणीला देतात.

आपला जळालेला स्पीकर मात्र जोडणीमुळेच गेला. चार स्पीकरांतून 16 ओहम मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात दोन-दोन स्पीकर एकसर जोडून त्या 32 ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडतात. दुसऱ्यात दोन-दोन स्पीकर समांतर जोडून त्या 8 ओहमच्या दोन जोड्या एकसर जोडतात. सगळे धडधाकट असताना दोन्हींत फरक नाही. पहिल्या मार्गातील दोन मध्यबिंदू तारेने जोडले की दुसरा मार्ग तयार होतो, आणि स्पीकर सारखे असतील तर त्या तारेतून धाराच वाहत नाही. फरक पडतो तो एक स्पीकर बंद पडल्यावर. पहिल्या मार्गात त्याची संपूर्ण जोडी गप्प होते, दुसरी जोडी वाजत राहते आणि उरलेले दोघे भार निम्मा-निम्मा घेतात. दुसऱ्या मार्गात बिघडलेल्याच्या जोडीत एकटा 16 ओहमचा स्पीकर उरतो, त्याच्यापुढे 8 ओहमची जोडी, एकूण 24. त्या एकट्याच्या वाट्याला एकूण शक्तीचे दोन तृतीयांश येतात आणि बाकीच्या दोघांना प्रत्येकी एक षष्ठांश. आपले कॅबिनेट या दुसऱ्या पद्धतीचे असणार. भाराचे ओहम वाढल्याने ॲम्प्लिफायरने 100 ऐवजी 75 वॅट दिले असे धरले, तरी 25 वॅटच्या स्पीकरवर 50 वॅट पडले. आवाज अचानक पडला तर वाजवणे लगेच थांबवावे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि ट्यूब ॲम्प्लिफायरच्या बाबतीत आग्रहाने सांगतो. कारण भार पूर्ण तुटला, उदाहरणार्थ दोन स्पीकरच्या एकसर जोडणीत एक तार निसटली, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारे व्होल्टेज त्याचे इन्सुलेशन फोडू शकते. ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा खर्च स्पीकरपेक्षा जास्त येतो.

आपल्याकडे हे अधिक जपावे लागते. खाडीलगतच्या दमट हवेत स्पीकरच्या टोकांवर खोचलेल्या पितळी चपट्या क्लिपांवर दोन पावसाळ्यांत हिरवट थर चढतो. समांतर जोडणीत अशी एक क्लिप सैल झाली तर दुसरा स्पीकर भार सांभाळतो. एकसर जोडणीत सगळेच बंद. म्हणून शक्य तिथे मी डाख देतो, आणि क्लिपाच ठेवायच्या असतील तर दरवर्षी पावसाळा संपल्यावर त्या काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवायला सांगतो.

नेरूळकर

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून ऐकण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो. जोडणी बदलायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि आवाजाच्या पोताची बारीक आठवण तेवढा वेळ टिकत नाही. त्यात आधीपेक्षा आवाज एक-दोन डेसिबलने जरी मोठा लागला, तरी कान त्याला ‘मोठा’ न म्हणता ‘भरीव’ आणि ‘उघडा’ म्हणतात, कारण पातळी वाढली की खर्ज आणि तार स्वर आपल्याला तुलनेने जास्त ऐकू येतात.

ठाणेकरांनी लूपर पेडलवर (वाजवलेला तुकडा साठवून पुन्हा पुन्हा वाजवणारे उपकरण) एकच तुकडा मुद्रित करून ठेवावा, म्हणजे हाताचा फरक उरणार नाही. मायक्रोफोन स्टँडवर पक्का बसवून कॅबिनेट आणि स्टँड या दोन्हींच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्याव्यात. मी शुअर एसएम 57 हा मायक्रोफोन वापरतो आणि तो कोनाच्या मध्यापासून कडेकडे दोन-तीन सेंटिमीटर सरकवल्यावर जो फरक पडतो, त्याच्यापुढे जोडणीचा फरक मला कधी शोधूनही सापडलेला नाही. दोन्ही मुद्रणे अर्ध्या डेसिबलच्या आत समान पातळीला आणून, कोणते कोणते आहे हे माहीत नसताना ऐकावीत.

सराव खोलीतल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे बहुधा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो आणि ओहमचा खटकाही नसतो. 4 ओहमला 100 वॅट म्हणजे 20 व्होल्ट. त्याच 20 व्होल्टवर 16 ओहमचे कॅबिनेट लावले तर 25 वॅटच मिळतात, म्हणजे 6 डेसिबल कमी. ड्रमच्या शेजारी तेवढी घट लगेच कळते, आणि एकसर जोडणीचा आवाज ‘मऊ’ असतो हा समज अशाच तुलनांतून पसरला असावा. धोका यात काही नाही, कारण ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला जास्त ओहमचा त्रास होत नाही. त्याला कमी ओहमचा त्रास होतो. त्यामुळे आपले कॅबिनेट तिथे समांतर, 4 ओहमवर लावावे आणि त्याच ॲम्प्लिफायरच्या दुसऱ्या जॅकला आणखी कॅबिनेट मुळीच जोडू नये. दोन्ही जॅक सहसा आतून समांतर असतात, आणि 4 ओहमची दोन कॅबिनेट मिळून 2 ओहम होतात.

ठाणेकर

आपल्या सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. ऐरोलीकरांनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिल सेलने तपासले. दोन्ही स्पीकरच्या खुणा बरोबर होत्या, पण मधली तार मी खरोखरच उण्यापासून उण्याकडे नेली होती. ती दुरुस्त केल्याबरोबर खर्ज परत आला.

त्यानंतर नेरूळकरांच्या पद्धतीने लूपरवरचा एकच तुकडा एकदा एकसर, 16 ओहमवर, आणि एकदा समांतर, 4 ओहमवर, असा मुद्रित केला. पातळी जुळवून बहिणीला कोणत्याही क्रमाने लावायला सांगितले आणि मी वीस वेळा ऐकले. त्यातील नऊ वेळा माझे उत्तर बरोबर आले, म्हणजे मला फरक ओळखता येत नाही. आता प्रश्न उरला तो ग्रीनबॅकचा. वेगळे स्पीकर मिसळले तर जोडणीने फरक पडतो का?

ऐरोलीकर

तिथे पडतो, आणि बराच पडतो. मी आधी जे काही लिहिले ते ‘दोन्ही स्पीकर सारखे असतील तर’ या अटीवर उभे होते. ती अट काढली की गणित बदलते.

8 ओहमचा व्हिंटेज 30 आणि 16 ओहमचा ग्रीनबॅक समांतर जोडले तर एकूण सुमारे 5.3 ओहम होतात आणि शक्तीचे दोन तृतीयांश व्हिंटेज 30 कडे जातात, म्हणजे त्याला 3 डेसिबलची आघाडी मिळते. त्याची संवेदनक्षमता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत मिळणारा आवाज, मुळातच 100 डेसिबल आहे, ग्रीनबॅकची 98. दोन्ही मिळून 5 डेसिबलची तफावत होते, आणि ग्रीनबॅक आहे की नाही हेच कळेनासे होते. तेच दोघे एकसर जोडले तर वाटा उलटतो. दोन तृतीयांश ग्रीनबॅककडे जातात आणि तोच सुमारे 1 डेसिबलने पुढे राहतो. आवाजाच्या दृष्टीने हा समतोल चांगला वाटेल, पण 50 वॅटचे दोन तृतीयांश म्हणजे 33 वॅट, आणि तो स्पीकर 25 वॅटचा आहे. शिवाय ॲम्प्लिफायर पूर्ण विकृतीत (डिस्टॉर्शनमध्ये) गेला की छापलेल्या 50 वॅटपेक्षा जास्त शक्ती देतो. एकूण 24 ओहम होत असल्याने खटक्यावर त्याच्यासाठी जागाही नाही.

एकसर जोडणीत आणखी एक गोष्ट घडते, जी आकड्यांत एका ओळीत मावत नाही. स्पीकरचा इंपीडन्स हा एक स्थिर आकडा नसतो. मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर साधारण 7 ओहम दाखवतो, त्याच्या अनुनादाच्या वारंवारतेला, म्हणजे ज्या स्वराला कोन सर्वांत सहज हलतो तिथे, गिटारच्या स्पीकरांत साधारण 75 हर्ट्झच्या आसपास, तोच कित्येक दहा ओहमपर्यंत चढतो, आणि वरच्या स्वरांत कॉइलच्या प्रेरकत्वामुळे पुन्हा वाढत जातो. समांतर जोडणीत दोघांवर व्होल्टेज सारखेच असते, म्हणून प्रत्येक जण आपापल्या स्वभावाने वाजतो. एकसर जोडणीत धारा सारखी असते आणि व्होल्टेजची वाटणी प्रत्येक स्वराला बदलते. ज्याचा इंपीडन्स त्या स्वराला जास्त, तो व्होल्टेजचा मोठा वाटा घेतो आणि दुसऱ्याला मिळणारी धाराही कमी करतो. म्हणजे एकाचा चढउतार दुसऱ्याच्या आवाजात उतरतो. काही वादकांना हे मिश्रण आवडते, आणि त्यांनी ऐकलेला फरक पूर्णपणे खरा आहे. वाशीकरांनी कधी वेगळे स्पीकर एकसर वाजवले असतील तर त्यांना जाणवलेल्या चिकटपणाचे कारण इथेही असू शकेल.

माझा सल्ला असा, की मिसळायचेच असेल तर दोन्ही स्पीकर 8 ओहमचेच घ्यावेत आणि समांतर जोडावेत. 25 वॅटचा ग्रीनबॅक तेव्हाही आपल्या ॲम्प्लिफायरपुढे अगदी काठावर राहील, कारण निम्मे म्हणजे बरोबर 25 वॅट. त्याच घराण्यातला 65 वॅटचा क्रीमबॅक 8 ओहममध्ये मिळतो, त्याची संवेदनक्षमता 97 डेसिबल आहे. तो व्हिंटेज 30 च्या 3 डेसिबल मागे राहील, पण स्पष्ट ऐकू येईल आणि जळण्याची भीती राहणार नाही.

तारेवर मात्र पैसे घालवू नयेत. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन एक मीटरचा रोध सुमारे 0.027 ओहम असतो. 4 ओहमपुढे त्याने पडणारी घट डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. फक्त ॲम्प्लिफायर ते कॅबिनेट या मार्गात गिटारची जाळीदार (शील्डेड) केबल वापरू नये, कारण तिचा आतला धागा फार बारीक असतो आणि तो तापून तुटला तर पुन्हा तोच भार पूर्ण तुटण्याचा धोका येतो.

वाशीकर

जळालेल्या स्पीकरचे कोडे इतक्या वर्षांनी उलगडले, याबद्दल ऐरोलीकरांचे आभार. आजच पाठ उघडून पाहिली, जोडणी दुसऱ्या पद्धतीचीच आहे. मध्यबिंदू जोडणारी ती एक तार या आठवड्यात काढून टाकतो.

ठाणेकर

16 ओहमचा ग्रीनबॅक नको असल्याचे विकणाऱ्याला कळवले आहे. कॅबिनेट पुन्हा समांतर केले, सगळ्या टोकांना डाख दिला आणि मल्टिमीटरवर जॅकपाशी 3.5 ओहम दिसल्यावरच पाठ बंद केली. जॅकच्या पट्टीवर पक्क्या शाईने ‘4 ओहम, समांतर’ असे लिहून ठेवले आहे, म्हणजे वाशीच्या खोलीत दुसऱ्या कोणी कॅबिनेट जोडले तरी त्याला विचारावे लागणार नाही.